दोन जुनी काडतुसं

मुलांनो, आज सकाळी इथे आखातात, माहूजच्या या फ्लॅटमध्ये शिवणयंत्राला तेल घातलं आणि त्या वासाने मला थेट बाबांच्या रायफलीपाशी नेलं. तुमचे पणजोबा कारवारच्या जंगलात रेंजर होते. कुणा हौशी शिकाऱ्याने जखमी करून सोडलेल्या गव्याने एका लाकूडतोड्याला मारलं होतं, आणि तो गवा संपवायचं काम बाबांवर आलं होतं.

ओटीवर त्यांनी काडतुसं मांडली. नवी होती ती मऊ टोकाची. गव्याच्या खांद्याच्या हाडावर ती गोळी पसरते, आत जात नाही. हाड फोडणाऱ्या टणक गोळीची दोनच उरली होती, आणि त्यांनी बरीच वर्षं ओल खाल्ली होती; ती उडतीलच याचा भरवसा नव्हता.

"अहो, एक उडवून बघा ना," आई म्हणाली.

"उडालं तर ते गेलं. दुसरं उडेल, हे त्यावरून थोडंच कळतं?"

"मग जाऊ नका."

"आणि उद्या आणखी कुणी मेलं तर?"

मला वाटलं, बाबांना बरोबर काडतूस ठाऊकच असणार. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट झाल्यावर तो चेहरा आठवून पाहते, तर त्यावर नुसती भीती दिसते. ती दोन जुनी काडतुसं खिशात टाकून, दुनळी रायफल खांद्याला अडकवून ते निघाले.

संध्याकाळी ते धडधाकट परतले, म्हणून हे शांतपणे लिहिता येतंय. पण दुपारी रानातून एकच बार ऐकू आला. आई माझा हात घट्ट धरून उभी राहिली. दुसरा बार व्हावा की होऊ नये, देवाकडे नेमकं काय मागावं, हेच तिला कळेना.