दुसऱ्यांदा उघडलेले गळे

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर जशा चपला साठतात, तसे आत किस्से साठतात. कोणता कोणाचा, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही!

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली टेक्निशियन आहे. आमच्या सर्जन झाडे मॅडमकडे बाकीच्यांनी हात जोडलेल्या केसेस येतात. थायरॉइडची गाठ एकदा काढलेली, आणि ती बया पुन्हा वाढलेली. दुसऱ्यांदा गळा उघडायचा म्हणजे पणाला लागतो तो पेशंटचा आवाज. आवाजाची नस दोऱ्याएवढी, आणि पहिल्या ऑपरेशनच्या व्रणात ती कुठे चिकटून बसली असेल ते तिलाच ठाऊक.

मी थोडं वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. तिला काय, ती कधी आत आली आहे!

*

नाचणगावचे एक काका बायकोला घेऊन आले. मॅडमनी धोके समजावले तर म्हणाले, "एक डाव कापलेल्या जागी पुन्हा कापाले एवढं काय कठीण? रस्ता तं माहीतच हाये!"

मॅडम म्हणाल्या, "काका, चिखलात दोर पडला, वर चिखल वाळून दगड झाला. आता तो दोर एकही धागा न तोडता काढायचाय. कसा काढाल?"

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "वरतून नाई खनाचं. बाजूच्या भुसभुशीत मातीतून जाचं, तिथं दोर सापडला का मंग त्याच्या मागं मागं."

मॅडम खुर्चीवरून उठल्याच. जुन्या व्रणाच्या मधोमध न घुसता त्या बाजूनेच गळ्यात शिरतात. न चिकटलेल्या जागी नस शोधायची आणि तिचा माग काढत पुढे जायचं, हीच त्यांची पद्धत!

"काका, गुरुवारी सकाळी आठला हात धुऊन या," मॅडम म्हणाल्या. "मला असिस्टंट कमी पडतो."

गुरुवारी पावणेआठला काका खरंच थिएटरच्या दारात. हातसुद्धा कोपरापर्यंत धुतलेले!

*

थायरॉइडच्या मागे मसुराच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. दुसऱ्या ऑपरेशनात त्यातली एखादी चुकून गाठीबरोबर सुटून येते. दिसायला अगदी चरबीच्या कणासारखी. मॅडम तो कण सलाइनच्या वाटीत टाकतात. तरंगला तर बहुतेक चरबी, बुडाला तर ग्रंथी. मग तिचे बारीक तुकडे करून गळ्याच्याच स्नायूत लावून टाकतात, म्हणजे तिथे ती जीव धरते.

एका शेतकरी बाईला मॅडमनी दुसऱ्या दिवशी हे सांगितलं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "जीव धराले किती दिवस?"

"दीड-दोन महिने."

"आन् खतपानी?"

"कॅल्शियमच्या गोळ्या. चुकवायच्या नाहीत."

बाई शेजारच्या खाटेकडे वळून म्हणाल्या, "कापसापरीस बरं वो! फवारनी नाई!"

*

आमच्याकडे नस ओळखायचं मशीन आहे. श्वासाची नळी गळ्यात बसते, तिच्यावरच्या तारा आवाजाच्या पडद्यांना टेकतात. मॅडमनी सळईने नसेला नुसता स्पर्श केला की मशीन बोलतं, "टुक!" पण त्या वेळी स्नायू ढिले करणारं औषध अंगात नको, नाहीतर मशीन मुकं.

एकदा मॅडमनी सळई टेकवली, मशीन गप्प. पुन्हा टेकवली, गप्प. नस गेली की काय!

चूक कोणाची ते विचारू नका. सवयीने त्या औषधाची सिरिंज मी भरली होती.

मी तोंड पाडून कबूल केलं. मॅडमनी हत्यारं ट्रेमध्ये ठेवली, हात छातीशी बांधले आणि म्हणाल्या, "औषध उतरू दे. नस कुठे पळून जात नाही."

पाऊण तास उभ्या! घाई नाही, चिडचिड नाही. मग "टुक!" झालं. माझ्या लग्नाच्या बँडनेसुद्धा मला एवढा आनंद दिला नव्हता.

*

आणि आंजीचे गुरुजी. रिटायर्ड मास्तर, अंगात खादी. जुन्या ऑपरेशनात त्यांची डावी नस गेलेली, म्हणून आवाज घोगरा. आता गाठ उजवीकडे, श्वासनळी दाबत होती. काढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि उजवी नस गेली तर आवाज तर जाणारच, श्वासासाठी गळ्याला भोकही पडणार.

ओपीडीत गुरुजी म्हणाले, "मॅडम, रोज सकाळी पारावर मी पेपर वाचतो. बारा म्हाताऱ्यायले दिसत नाई, ते माह्या आवाजावर जगून राह्यले. तेवढं पाह्यजा."

त्यांची केस मंगळवारची होती. सोमवारच्या पेशंटला ताप आला, म्हणून गुरुजींना ऐनवेळी सोमवारी सकाळी घेतलं. विचारलं त्याला ते मान हलवत गेले. आम्ही म्हटलं, घाबरले असतील.

पाच तास लागले. शेवटी मशीन "टुक" म्हणालं. नळी काढली. श्वास छान. मॅडम वाकल्या. "गुरुजी, ई म्हणा."

गुरुजी गोड हसले.

"नाव सांगा."

मनगटावरची नावाची पट्टी दाखवली.

"एक, दोन, तीन म्हणा."

तीन बोटं दाखवली!

मॅडमचा चेहरा पांढरा. "गुरुजी, नुसतं हूं म्हणा. मला शिव्या द्या, पण काहीतरी बोला हो!"

गुरुजींनी हात जोडले.

मॅडम कशाबशा बाहेर गेल्या. "काकू, गुरुजी बोलत नाहीत…"

काकू शांतपणे म्हणाल्या, "आज बोलतीन कसे? सोमवार नाई का! तीस वर्सं झाले, सोमवारी त्यायचं मौन राह्यते."

"अहो, मग सकाळी सांगायचं ना!"

"मी आताच्या बसनं आली. आन् ते कसे सांगतीन?"

पण आवाज आहे की गेला, हे तरी कोणाला ठाऊक! मंगळवारी सहाच्या ठोक्याला मॅडम वॉर्डात हजर, डोळे सुजलेले, मागे आम्ही सगळे. गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला, धोतर नीट केलं आणि त्याच घोगऱ्या, खणखणीत आवाजात म्हणाले,

"मॅडम, काल तुमी लय बोलल्या. एखांदा सोमवार तुमी बी धरा!"