जाऊबाईंनी लावलेलं रान

साठ सालानंतर मी लग्न होऊन पोशीरजवळच्या गावात आले. आमची भातशेती सपाटीवर होती आणि तिच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर, नाचणी-वरी पिकवायची वरकस जमीन. मी यायच्या आधीच एका कोळसेवाल्या ठेकेदाराने त्या उतारावरची झाडं तोडून नेली होती. पावसाळ्यात तिथली माती वाहून खाली भातात यायची, आणि आम्ही बायका ती घमेल्यांनी उपसायचो.

असंच उपसता उपसता थोरल्या जाऊबाईंनी ठरवलं, वर परत झाडं लावायची. सासऱ्यांना पटेना.

"झाडांच्या सावलीत नाचणी व्हईल का गं?" ते म्हणाले.

"फांद्या दरसाल राबाला छाटू, मामंजी. मग सावली किती ऱ्हाईल?"

भात पेरण्याआधी पाला-फांद्या पसरून जमीन भाजायची, तो राब. त्याला पाला आम्हाला कायम कमी पडायचा. सासरे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. जाऊबाईंना तेवढं पुरलं.

वरच्या ठाकूरवाडीत त्यांची मैत्रीण होती. तिने ऐन, शिवण यांची रोपं रानातून मुळांसकट काढून आणली. आम्ही तिघींनी ती उताराला आडव्या ओळींत लावली, मधल्या पट्ट्यांत नाचणी. पहिल्या उन्हाळ्यात शेरडांनी बरीचशी खाऊन टाकली. मला वाटलं, आता जाऊबाई नाद सोडतील. पुढच्या पावसात त्यांनी पुन्हा रोपं लावली आणि प्रत्येकाभोवती करवंदीच्या काट्या रोवल्या. हात ओरबाडून निघाले, तरी एकही रोप काट्यांवाचून सोडलं नाही.

झाडं डोक्याच्या वर गेली होती, तेव्हा एका श्रावणात पाऊस थांबायचं नाव घेईना. शेजारचा उघडा उतार खचून खाली आला आणि शेजाऱ्यांचं भात गाळाखाली गेलं. आमचाही एक बांध फुटला, पण वरची माती जागची हलली नाही. उघडीप झाल्यावर सासरे काठी टेकत वर गेले, बराच वेळ झाडांमधून फिरले. खाली येऊन जाऊबाईंना म्हणाले, "शेजाऱ्यांना लावायला रोपं मिलतील का गं?"

"मिलतील. पन आधी शेरडं बांधायला सांगा."

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या बायका आमच्याबरोबर उतारावर आल्या. ओळ कुठून धरायची ते जाऊबाई एकेकीला दाखवत होत्या. एवढ्या जणींना कामाला लावताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. त्यांच्याकडे बघत मी मनात म्हटलं, हे आपल्याला जमायला हवं.