मोठ्या बाबांचा दुसरा फोटो

आमच्या खानदानात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिलाच. बी.एस्सी. कॉम्प्युटर — आणि हे सांगताना मला अभिमानच वाटतो. भूतबाधा, अंगात येणं असलं कोणी सुरू केलं की मी सरळ उठून जातो. आताही जातो. तरी हे लिहितोय, कारण माझ्या शिक्षणात याचं उत्तर सापडलं नाही.

बालाघाटला बसस्टँडसमोरच्या एका मोबाईलच्या दुकानात मी नेटवर्कची कामं करतो. शेठनं प्रवाशांसाठी फुकट वायफाय ठेवलंय. त्याची सेटिंग माझीच — कोणीही फोन जोडला की तो आधी आमच्या पानावर वळतो, दुकानाची जाहिरात दिसते, मग पुढचं इंटरनेट सुरू.

गेल्या हिवाळ्यात मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, लांजीच्या घरून निघून गेले. विसरायचा आजार. स्वतःचं नावही सांगता येत नसे. पोलिसांत कळवलं, पाहुण्यांकडे पाहिलं... मोठी माय, म्हणजे त्यांची बायको, दारातून हलेना. शेवटी मी शेठला विचारलं, जाहिरात काढून त्यांचा फोटो लावू का? तो म्हणाला, "पूछता क्या है, लगा दे."

नीट असा एकच फोटो होता — माझ्या पदवीच्या दिवशी माझाच कोट घालून काढलेला. तो आणि माझा नंबर पानावर टाकला.

दोन-तीन दिवसांनी दुपारी रामपायलीच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, तुमचे बाबा आमच्या बांधीवर बसून हायेत. पाणी पाजलं. पण लवकर या... लय थकले हायेत."

मी मोटरसायकल काढली. पोचलो तेव्हा त्यांचं डोकं त्या माणसाच्या मांडीवर होतं. सगळं संपलं होतं.

नंतर मी त्याला विचारलं, बालाघाटला कधी आला होतात? म्हणाला, दिवाळीपासून गेलोच नाही. शेतात फोन उघडला, तर ते पान आपोआप समोर आलं. आमचं वायफाय रस्त्यापलीकडे धड पोचत नाही! मला वाटलं, कोणीतरी पुढं पाठवलं असेल. खात्रीसाठी कोटातला फोटो दाखवला.

"हा नाही ना भाऊ. बनियनवर होते, खांद्यावर लाल दुपट्टा. हिरव्या दरवाज्यापुढं उभे होते. हासत होते."

प्रत्यक्ष पाहिलेलं आणि फोनवरचं मिसळलं असेल म्हणावं, तर हिरवा दरवाजा आमच्या लांजीच्या घराचा. हा माणूस लांजीला कधी आलेला नाही. थंडीत नुसत्या बनियनवर, तोच दुपट्टा घेऊन मोठे बाबा त्या दरवाज्यातून निघाले होते. त्याच्या फोनवर ते पान परत उघडलं नाही. दुकानात येऊन मी सगळं तपासलं — कोटातलाच फोटो, कोणी हात लावलेला नाही.

मोठ्या मायनं हे सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "हासत होते म्हणे?"

"हौ."

"मंग तोच काढून दे बाबू, भिंतीवर लावाले. कोटातला नको. तुले तं येते ना हे सारं."

दर खेपेला घरी गेलो की विचारते. शोधून राह्यलो, असं सांगतो. असा फोटो कोणी कधी काढलाच नव्हता, हे अजून तिला सांगता आलं नाही.