खिडकीतली ओल

कवळ्या बनवण्यात ताईचा हात धरणारं दातांच्या त्या लॅबमध्ये कोणी नव्हतं. दिवसभर मेणात दात रोवायचे, गुलाबी हिरड्या कोरायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन खिडकीतल्या कुंड्यांपुढे बसायचं, एवढंच तिचं जग. कुंड्यांत होती वाळवंटातली दगडी रोपं. बोटाच्या पेराएवढी, दोन जाड पानं नि मध्ये चीर. खडा कुठला आणि रोप कुठलं, कळू नये.

"ही कसली गं झाडं! माझ्या मुतखड्यासारखी दिसतात," आत्या म्हणायची. आईबापांमागे ताईला तिनेच वाढवलेलं. झाड म्हटलं की पाणी, एवढंच आत्याला ठाऊक. ताई कानीकपाळी ओरडायची, "थंडीत यांना थेंबही चालत नाही. जुनी पानं शोषून आतून नवी जोडी येते. वरून पाणी घातलं की सडतात."

आत्या मान डोलवायची आणि ताईची पाठ वळली की पेला भरून आणायची. हात कापायचा, म्हणून स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत थेंबांची रांग लागायची. चोरी लगेच उघडी पडायची.

त्या वर्षी थंडी पडायच्या आधीच आत्या गेली.

महिना-दीड महिन्याने ताईने सहज कुंडीत बोट घातलं, तर माती ओली. रोप चाचपलं, तर पिकल्या फोडासारखं फुटलं. घराची दुसरी किल्ली धाकट्या भावाकडे होती. तिने त्याला फोनवर फैलावर घेतलं.

"ताई, शप्पथ, मी तिकडे फिरकलोही नाही. आणि त्या गोट्यांना पाणी घालायला मला काय वेड लागलंय?"

तिने कुलूप बदललं. तरी पुढच्याच आठवड्यात माती ओली, आणि फरशीवर थेंबांची रांग.

तिने छत तपासलं, नळ घट्ट केले आणि कुंड्या उचलून निजायच्या खोलीतल्या खिडकीत नेल्या. दुसऱ्या दिवशी परतली तेव्हा कुंड्या ठणठणीत कोरड्या होत्या. पण बाहेरच्या खोलीतल्या खिडकीच्या रिकाम्या कट्ट्यावर, जिथे जिथे कुंडी असायची तिथे तिथे, पाण्याचं एकेक थारोळं होतं.

मग तिने रजा टाकली आणि खिडकीसमोर खुर्ची ओढून बसली. ऊन कट्ट्यावरून सरकत गेलं. काही झालं नाही. दुपारी आतल्या खोलीत फोन वाजला, म्हणून ती उठली. भाऊ होता.

"लॅबमध्ये फोन केला, तर रजेवर आहेस म्हणाले. बरं नाही का?"

ती उत्तर देणार तोच स्वयंपाकघरात नळ सुटला. बारीक धार, पेला भरेपर्यंत. मग चपला घासत कोणीतरी सावकाश चालत गेलं.

"ताई? ऐकतेस ना?"

तिने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. आवाज थांबल्यावर ती बाहेर आली. कट्टा ओला होता.

"आत्या," ती म्हणाली, "कुंड्या तिथे नाहीत गं आता."

दुसऱ्या दिवशी येताना तिने रोपवाटिकेतून नेचा आणला. "याला रोज पाणी लागतं हं," माळी म्हणाला, "अगदी हपापलेला असतो." तिने तो कट्ट्याच्या मधोमध ठेवला. त्या दिवसापासून कट्टा कोरडा राहिला आणि नेचा फोफावला. ताईने त्याला कधी पाणी घातलं नाही. भीतीही हळूहळू अंगवळणी पडली. घरात शिरताना ती दारातूनच म्हणायची, "आले गं."

उन्हाळ्यात एकदा नेच्याची टोकं तपकिरी दिसली. माती भेगाळली होती. फरशी स्वच्छ, कोरडी. उशीर झाला असेल, म्हणून ताईने एक दिवस जाऊ दिला, मग आणखी एक. पानांनी माना टाकल्या, तेव्हा कुठे तिने नळ सोडला आणि स्वतःच्या हाताने कुंडी भरली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कोणीतरी विचारलं, "डोळे का सुजलेत?"

"कवळी घासताना पूड गेली," ती म्हणाली आणि पुढचा साचा हातात घेतला.