पारूचा कागद

वाट बघणाऱ्या घरात किस्से फार साठतात. काम पटापट होत असतं तिथे सांगण्यासारखं काही घडतच नाही! माझी पत्नी सुशीला गेली, तेव्हा बसायला आलेल्या प्रत्येकाने मला पारूचा एकेक किस्सा ऐकवला. निम्मे माझ्यासमोर घडलेले होते, तरी मी ऐकून घेतले.

घाटंजीला सुशीला अनाथ मुलींचं बालसदन चालवायची. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि सदनाची पत्रं लिहायचो. पारू तिथलीच. आठवडी बाजारात कुणी तिला कापसाच्या गाडीखाली ठेवून गेलं होतं. मिशनच्या दवाखान्यात मार्गिट नावाच्या स्वीडिश नर्सने तिला जगवलं. पुढे मार्गिट मायदेशी गेली, लग्न केलं आणि नवऱ्याच्या सहीसकट पत्र पाठवलं : ती मुलगी आम्हाला द्या.

साठ साली आलेलं हे पत्र. त्यानंतर चार वर्षं आम्ही सगळे परवानगीच्या कागदाची वाटच बघत होतो.

*

मार्गिटने पहिला फ्रॉक पाठवला तो बोटीने. पोचेपर्यंत पारू वाढली. फ्रॉक दुसऱ्या मुलीला झाला. दुसऱ्या वर्षीही तेच.

मग सुशीलाने पारूच्या उंचीएवढा दोरा कापून पाकिटात घातला आणि मला लिहायला सांगितलं, की पोर थांबत नाही, अंदाजाने मोठा शिवा. तिसरा फ्रॉक आला तो पारूच्या पायांत लोळणारा. आमची स्वयंपाकीण जमनाबाई तांड्यावरची. तिने फ्रॉक उलटसुलट करून बघितला आणि निकाल दिला, "कागद येईस्तोवर बराबर होते."

*

बाजारात पारूला सगळे ओळखत. दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारी, अजून गेली नाहीस का गं? पारू तोंडातलं बोर न काढता सांगायची, "कागद येऊन राह्यला."

हे इतकं पसरलं, की मोटार उशिरा आली तरी स्टँडवरची माणसं म्हणायची, कागद येऊन राह्यला!

*

पासपोर्टसाठी पोलीस चौकशी लागली. एक हवालदार सायकलवरून आले. चालचलन बघायचं म्हणाले. कुणाचं, तर पारूचं. वय वर्षं चार.

हवालदार शिस्तीचे होते. ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, काही तक्रार, चोरीमारी? जमनाबाई खोटं बोलायची नाही. म्हणाली, "गूळ चोरते. पण पकडली का कबूल करते."

हवालदारांनी विचार केला आणि लिहिलं, वर्तन समाधानकारक. जाताना जमनाबाईने त्यांच्याही हातावर गुळाचा खडा ठेवला.

*

एका कचेरीत वर्षभर फाइल हलत नव्हती. सुशीला स्वतः गेली. मी बरोबर होतो. साहेबांनी आम्हाला बराच वेळ उभं ठेवलं आणि म्हणाले, आपल्या देशात कुणी नाही का हो हिला घ्यायला? परक्यांना कशाला द्यायची?

सुशीला शांतपणे म्हणाली, "आहेत ना साहेब. तुम्ही न्या. आजच आणून सोडते."

त्या दुपारी फाइल हलली. बाहेर झाडाखाली मी हसत होतो. सुशीलाने मात्र मला थांबवलं.

"अहो, हो म्हणाले असते तर?"

आम्हाला मूल नव्हतं. पारूला आपणच ठेवून घेऊ, असं ती चार वर्षांत एकदाही म्हणाली नाही. मीही नाही.

*

शेवटी कोर्टाने सांगितलं, आई समक्ष हवी. मार्गिट आली ती ऐन मे महिन्यात. आठ दिवस सदनात राहिली. पारू तिच्याकडे दुरून बघायची आणि झोपायला जमनाबाईजवळ जायची. वकील म्हणाले, न्यायाधीश मुलीला विचारणारच. तिने नाही म्हटलं तर संपलं. त्यावर सुशीलाने आम्हा सर्वांना बजावलं, की पोरीला कुणीही काही पढवायचं नाही.

यवतमाळचं कोर्ट तापलं होतं. न्यायाधीश पुण्याकडचे. मार्गिटला जबाबदारी समजली आहे का, असं त्यांनी मला विचारायला सांगितलं. मी इंग्रजी वाक्य जुळवतोय तोवर तिने दवाखान्यात शिकलेल्या मराठीत उत्तर दिलं, "समजली साहेब. पोरगी माही हाय. तिले घेऊनच जाईन."

पट्टेवाला हसला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी पारूला जवळ बोलावलं. "बाळ, या बाईंबरोबर जायचंय का तुला?"

पारू मार्गिटकडे बघत राहिली. मार्गिटचा चेहरा लालबुंद झाला होता, घाम हनुवटीवरून टपकत होता. सुशीलाने माझी बाही घट्ट धरली.

न्यायाधीशांच्या टेबलावर झाकलेला पाण्याचा पेला होता. पारूने त्याच्याकडे बोट दाखवलं. "हे घेऊ का?"

त्यांनी मानेनेच हो म्हटलं. दोन्ही हातांनी पेला धरून, सांडू न देता, पारू मार्गिटपर्यंत गेली. "पे. लय ऊन हाय."

मार्गिटने पाणी संपवलं. रिकामा पेला पारूने परत नेऊन टेबलावर ठेवला, त्यावर झाकण ठेवलं आणि न्यायाधीशांना म्हणाली,

"हं. आता इचारा."