तिफण आणि उजवा गुडघा

पाय भेगेत गेला तो चैत्रात. आमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात, की त्यात कोपरापर्यंत हात जावा. मी धुऱ्याच्या बांधाकडून बैलांकडं निघालो होतो. उजवा पाय भेगेत अडकला, अंग फिरलं, पाय फिरला नाही. तुराटी मोडावी तसा आवाज झाला. दुखलं, पण तेवढं नाही. उठून चार पावलं चाललो, पाचव्याला गुडघा आपला आपणच बाजूला सरकला आणि मी बसलो.

बुलढाण्याच्या डॉक्टरनं फोटो पाहून सांगितलं, आतली दोरी तुटली. तुमच्या वयाला आम्ही ही दोरी सहसा नवी घालत नाही, काठी घेऊन चाला. मी म्हटलं, काठी घेऊन तिफण धरता येत नाही. त्यानं हाडं तपासली, मांडी दाबून पाहिली आणि ऑपरेशनला तयार झाला. मांडीच्या मागची शीर काढून गुडघ्यात बांधली. नऊ महिने जड काम नाही, असं पोराला दोनदा सांगितलं. मला एकदाच.

खरीप पोरानं ट्रॅक्टरनं पेरलं. तेव्हा मी बाजेवर होतो, त्यामुळं बोलायचं काही नव्हतं. पण रस्त्याकडच्या दोन एकर वावराची रब्बी मी कधी ट्रॅक्टरला दिली नाही. तिथं रब्बीचा हरभरा मी बैलांच्या तिफणीनंच पेरतो. मी तिफणीचं रुमणं, म्हणजे मागचा दांडा, दाबून मागं चालतो आणि बायको बाजूनं चालत नळ्यांवरच्या चाड्यात मुठीनं बी सोडते. तीन नळ्या, तीन ओळी. माझ्या ओळी सरळ असतात. रस्त्यानं जाणारा माणूस एका टोकाला उभा राहिला तर दुसऱ्या टोकाचं बोरीचं झाड ओळीतून दिसतं. पोरगा म्हणाला होता, या वर्षी तेही ट्रॅक्टरनं करू, आणि एकदा केलं की मग पुढं बैल कशाले ठेवायचे? म्हणून मला दिवाळीच्या आत पाय पाहिजे होता. बाकी कशाला नाही.

चिखलीला आठवड्यातून दोनदा एसटीनं जात होतो. व्यायाम करून घेणारी बाई माझ्या धाकट्या पोरीपेक्षा लहान. पहिल्या दिवशी म्हणाली, "या आजोबा."

"काका म्हन."

"बरं, काका. हा टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली ठेवला. आता गुडघ्यानं दाबा. दहा मोजेपर्यंत."

"टॉवेल दाबून काय व्हते?"

"टॉवेलले काई होत नाही, काका. मांडीले होते."

तिनं टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी चार बोटं बारीक झाली होती. मी पाहिलं नव्हतं, कारण धोतरात दिसत नाही. त्या दिवसापासून टॉवेल दाबला. टाच घासत पाय ओढणं, पाय सरळ ठेवून उचलणं, भिंतीला धरून अर्धं बसणं, सगळं केलं. ती दहा म्हणे, मी वीस करी. मग गुडघा सुजे आणि ती रागावे. "जास्त केलं की लवकर होते असं नाही. हे काय निंदन आहे काय?"

कोजागिरीनंतर मी तिला विचारलं, तिफण धरू काय? ती म्हणाली, चालून दाखवा. मी मनात मोजत, दोन्ही पाय सारखे टाकत, दरवाज्यापर्यंत गेलो आणि आलो. एकदाही लंगडलो नाही.

"आता परत जा, पण बोलत बोलत जा. बैलांची नावं सांगा. कोणता कुठून आणला ते सांगा."

मी सांगू लागलो. उजवा बैल बाजारातून आणला, डावा घरचा. एवढं होईपर्यंत ती म्हणाली, "थांबा. बोलताना लंगडता, काका. ध्यान असलं की चांगलं चालता. तिफण धरल्यावर ध्यान बैलांवर राहीन की पायावर? संक्रांतीपर्यंत नाही."

संक्रांतीला हरभरा घाट्यावर येतो, तेव्हा पेरून काय? घरी आलो. बायकोनं विचारलं, काय म्हनली मॅडम? मी सांगितलं, चालते म्हणे.

दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी बैल जुंपले. सोयाबीन निघून गेलेलं, खाली ओल चांगली, वर दोन बोटं माती सुकलेली. हरभरा त्या सुक्या मातीच्या खाली गेला पाहिजे. दोन फेरे झाले. तिसऱ्याला बायको म्हणाली, "उजवीकडून उचलून राह्यली तिफण."

"तू बियाकडं पाह. मुठीकडं ध्यान दे."

"मुठीकडंच आहे. म्हनूनच दिसते. उजव्या नळीचं बी वरच पडून राह्यलं."

"मंग तूच धर."

तिनं पुढची मूठ भरली. दिवसभर बी सोडत राहिली. ओळी सरळ पडल्या. बोरीचं झाड दिसत होतं. गुडघा दुखला नाही. मी समाधानानं जेवलो.

दहा दिवसांनी उगवलं. धुऱ्यावरून पाहिलं तर दोन ओळी विरळ, चार दाट. पुन्हा दोन विरळ, चार दाट. अख्ख्या वावराला. जाताना उजवी ओळ वर राहिली, येताना तिच्या शेजारची. मी पूर्ण वेळ डाव्या पायावर भार देत चाललो होतो. वर राहिलेलं बी काही सुकून गेलं, काही कबुतरांनी खाल्लं.

शेजारचा वावरवाला माझ्याच वयाचा. धुऱ्यावर येऊन तंबाखू मळत उभा राहिला.

"काय बे, वावर लंगडून राह्यलं तुयं."

"हाव."

"तुषारानं पाणी दे, नांगे भरून घे, रिकाम्या जागी बी टोच. चार बाया लाव, दोन दिवसात व्हते."

"राहू दे."

पोरगा संध्याकाळी वावर पाहून आला. ओसरीवर बसला आणि विचारलं, "बाबा, मॅडमनं खरंच हो म्हटलं व्हतं?"

"नाई."

"मंग काऊन पेरलं?"

"पेरलं."

तो उठून हातपाय धुवायला गेला. बायको चुलीपाशी होती, तिनं ऐकलं.

नांगे भरले नाहीत. वावर रस्त्याला लागून आहे. काढणीपर्यंत ते तसंच उभं राहिलं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं.

चिखलीच्या बाईला मी स्वतः सांगितलं. ती रागावली नाही. दोन वजनकाटे आणले, शेजारी ठेवले आणि एकेका पायाखाली एक दिला. "सरळ उभे राहा. काट्याकडं पाहू नका." मग मला वाकून आकडे दाखवले. डाव्यावर अडतीस, उजव्यावर बावीस. मला तर वाटत होतं सारखाच उभा आहे. ती म्हणाली, "पायात ताकद आली आहे, काका. तुमचा भरोसा नाही आला त्याच्यावर. ताकदीचा व्यायाम मी देते. भरोशाचा हाच, रोज उभं राहायचं." हिवाळाभर आणि उन्हाळाभर उभा राहिलो. अडतीसचे तेहतीस झाले, मग एकतीस.

मृगाच्या आधी, नांगरून ठेवलेल्या त्याच वावरात, मी रिकामी तिफण जुंपली. चाड्यात बी नाही. बायकोला म्हटलं, मागून चाल आणि पाहून सांग. दोन फेरे केले आणि थांबलो.

"काय दिसते?"

"पयल्यापेक्षा कमी उचलते. पण उचलते."

"काट्यावर सारखं येते आता."

"काट्यापुढं बैल नाई ओढून राह्यले." मग म्हणाली, "खोटं सांगू काय?"

"नाई."

मी रुमणं पोराच्या हातात दिलं. त्यानं आधी कधी धरलं नव्हतं, मीच धरू दिलं नव्हतं. तिथं सोयाबीन पेरलं त्या दिवशी मी धुऱ्यावर उभा राहून दोनदा ओरडलो, मग ओरडणं सोडलं. त्याच्या ओळी साप गेल्यासारख्या वाकड्या आल्या, पण बी सगळं उगवलं. बैल दावणीला आहेत. ट्रॅक्टरचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

या दिवाळीनंतर हरभऱ्याच्या आधी मी पुन्हा रिकामी तिफण चालवून पाहणार आहे. बायको मागून चालेल. ती म्हणेल ते.