दुसऱ्या वाटेची साखर

यरुशलेमच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या रसाचं भांडं उघडलं, की त्या गोडसर वासाने मला नव्वदच्या दशकातली, बाबांच्या सुतकातली अश्केलोनची दुपार आठवते. महाराष्ट्रातून इस्राएलला आलेलं आमचं ज्यू कुटुंब तिथे राहायचं. बाबांना डायबेटिस होता, म्हणून आई घरातली साखर, गूळ, अगदी नवसाचा गोड पोह्यांचा मलिदासुद्धा कुलपात ठेवायची. शेजारची मोरोक्कन बाई, सुतकाच्या घरी नेतात तशी उकडलेली अंडी घेऊन भेटायला आली आणि रडत सांगू लागली, "रोज दुपारी माझ्याकडे यायचे, पुदिन्याच्या चहात भरभरून साखर घालून प्यायचे." आईने कमरेची किल्ली चाचपली. तिला सावरायला मी माझ्या कामाचं बोलले, "आई, दातांतल्या जंतूंचा साखर आत घ्यायचा मुख्य मार्ग आम्ही बंद करतो, तरी ते दुसऱ्या वाटेने ती ओढतातच. तू तरी काय करणार होतीस?" तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. शेजारणीला मोडक्या हिब्रूत विचारलं, "चहा पिताना हसायचे का ते?" "खूप," शेजारीण म्हणाली. आई पदर तोंडाशी धरून मराठीत पुटपुटली, "माझ्यासमोर किती दिवसांत हसले नव्हते गं." जंतूंचा तो मार्ग मी आजही बंद करते, हात मात्र दर वेळी जरा थबकतो.